बिनचुलीचं रेशीम

शिवप्रिया पहिल्यांदा अन्वरीभाभीच्या शेडवर गेली ती घाण पाणी मागायला.

उमरग्याच्या कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. मुलांच्या प्रयोगांसाठी तिला जिथून मिळेल तिथलं सांडपाणी लागायचं. नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत, रेशमाचं सूत काढणारी एक शेड आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती अन्वरी आणि तिचा नवरा रिजवान यांची. आसपासच्या शेतकऱ्यांनी तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळल्या होत्या. त्यांचे कोष इथं यायचे आणि मशीनवर उलगडून त्यांचं सूत व्हायचं.

त्या दिवशी शेडमध्ये नुसता गोंधळ चालला होता. कोष आले की आधी त्यांना वाफ द्यावी लागते, म्हणजे आतला किडा मरतो. वाफेची नळी फुटली होती, दुरुस्तीला माणूस आला नव्हता, आणि पोतंभर कोषांमधून पतंग बाहेर पडायला लागले होते. पतंग बाहेर पडला की कोषाला भोक, आणि भोक पडलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही.

“पाणी न्या मॅडम, पायजे तेवढं न्या,” अन्वरी कपाळाला हात लावून म्हणाली. “पाणी न्या, पोतं न्या, मला बी न्या! आज माझं डोस्कं न्हाय ठिकाणावर.”

शिवप्रियाची बाटली हातातच राहिली. ती पोत्यापाशी उकिडवी बसली. समोरच्या एका कोषाच्या टोकाला ओलसर डाग उमटला होता. बघता बघता तो डाग पसरला, धागे सैल झाले, एकमेकांपासून सरकले, आणि मधून पांढरं, भिजलेलं डोकं वर आलं.

“दात असतात का हो याला?” तिनं विचारलं.

“कुठले दात!” रिजवान म्हणाला. “थुंकी लावतंय. थुंकीनं कोष ढिला होतो अन् मग घुसतंय बाहेर.”

थुंकी! शिवप्रिया कोषावर आणखी वाकली. रेशमाचा धागा डिंकानं चिकटलेला असतो हे ती शिकली होती. हा पतंग नुसता डिंक विरघळवत होता, धाग्याला धक्का लावत नव्हता. म्हणजे त्या थुंकीत एन्झाइम होतं, आणि तेही अगदी नेमकं काम करणारं.

तिनं मान वर केली. शेडच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या चुलीवर हंडा रटरटत होता. साबण आणि धुण्याचा सोडा घालून सुताच्या लडी उकळत होत्या, त्यांच्यावरचा तोच डिंक काढायला. डिंक गेल्याशिवाय सूत मऊ होत नाही, चमकत नाही, रंगही नीट धरत नाही. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेसच यायचा नाही. नुसता पांढरा चोथा लडीला चिकटायचा. मग सोडा वाढवायचा, लाकडं वाढवायची. ते पाणी बाहेर सोडलं की बांधावरची लिंबाची झाडं करपायची. अन्वरीच्या बोटांची सालं निघाली होती.

जे काम पतंग थुंकीच्या एका टिपक्यात करत होता, त्याच कामासाठी ही बाई आगीपुढं उभी होती.

“भाभी, हे पतंग मी घेऊन जाऊ?”

अन्वरीनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू हिचं डोस्कं आपल्याहून जास्त बिघडलंय. “घेऊन जावा की. तेवढंच पोतं हलकं हुईल.”

*

गौरीशंकर सर विभागप्रमुख होते. माणूस हुशार, पण सावध. कुठलीही नवी गोष्ट ऐकली की आधी चष्मा काढून पुसायचे, मग बोलायचे.

“यावर आधी कुणीतरी काम केलेलं असणार,” ते म्हणाले.

तसं ते केलेलं होतंच. पतंगाच्या या एन्झाइमवर लोकांनी बरंच लिहून ठेवलं होतं. पण पतंगाच्या तोंडातून मिळतं ते टिपूसभर. त्यात एक लडीसुद्धा भिजायची नाही. उपाय एकच होता. पतंगाच्या ज्या जनुकात हे एन्झाइम बनवायची कृती असते, ते जनुक यीस्टमध्ये घालायचं आणि यीस्टकडून ते हवं तेवढं बनवून घ्यायचं. जनुक हैदराबादच्या एका कंपनीकडून तयार होऊन आलं, करंगळीएवढ्या नळीत. शिवप्रियानं नळी उजेडात धरली. आत काहीच दिसत नव्हतं. तरी तिनं ती दोन्ही हातांनी धरून फ्रिजपर्यंत नेली आणि विभागातल्या सगळ्यांना वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

मग सुरू झाली ती न संपणारी खटपट. यीस्ट जनुक घ्यायचं नाही. घेतलं तर एन्झाइम करायचं नाही. केलं तर बाहेर टाकायचं नाही. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा एका सकाळी तिनं दुधाच्या पावडरीची पांढरी तबकडी उघडली. एन्झाइम असेल तर ते दुधातली प्रथिनं पचवतं आणि भोवती काचेसारखं स्वच्छ कडं पडतं. तबकडीवर वाढलेल्या यीस्टच्या एका ठिपक्याभोवती तसं कडं पडलं होतं. गोल, लख्ख.

तिनं जी आरोळी ठोकली ती ऐकून शेजारच्या वर्गातलं व्याख्यान थांबलं. सर धावत आले. चष्मा पुसायचंही ते विसरले.

“हे आपलं आहे?”

“आपलं आहे सर! पतंगाचं!”

पण तबकडी वेगळी आणि लडी वेगळी. अन्वरीनं पाठवलेली लडी एन्झाइमच्या पाण्यात बुडवली की सुरुवातीला काम झपाट्यानं व्हायचं आणि मग एकदम थांबायचं. लडी एका जागी लोण्यासारखी मऊ, दुसरीकडं काथ्यासारखी ताठ. एन्झाइम पाण्यात टिकतच नव्हतं. जास्त घातलं तर आणखी लवकर मरायचं. पाणी गार करून पाहिलं, गरम करून पाहिलं. जड पाण्यानं साबणाची काय दशा होते हे सरांनी शेडवर स्वतः पाहिलं होतं, म्हणून क्षाराचा कणही पाण्यात नको असा त्यांचा दंडक होता. सगळे प्रयोग डिस्टिल्ड पाण्यात. तरी तेच.

आणि एप्रिलमध्ये अन्वरीचा फोन आला.

“लडी कॉलेजात किती दिवस पाठवू म्या? एकदा इथं येऊन करून दावा. न्हाय झालं तर न्हाय झालं. बिर्याणी तरी खाऊन जावा.”

*

सरांच्या गाडीत मागं डिस्टिल्ड पाण्याचे कॅन रचले होते आणि शिवप्रियाच्या मांडीवर बर्फाची पेटी होती, आत एन्झाइमच्या बाटल्या. येणेगूरला एक गतिरोधक सरांना दिसलाच नाही. गाडी उडाली, आपटली, आणि मागून धबाधबा आवाज आला. गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली तर कॅन आडवे, झाकणं निघालेली, आणि पाणी खालून रस्त्यावर ठिबकत होतं.

सरांनी एकेक कॅन हलवून पाहिला. सगळे रिकामे.

“परत फिरूया,” ते म्हणाले.

“नको सर. त्या वाट बघतायत.”

“अगं, पाणी कुठलं वापरणार? तिथलं बोअरचं? आपलं एन्झाइम चांगल्या पाण्यात टिकत नाही, त्या पाण्यात काय टिकेल?”

“नाही टिकणार. पण त्या पाण्यात ते कसं मरतं ते तरी बघू. नाहीतरी शेडमध्ये उद्या तेच पाणी असणार आहे ना सर?”

सरांनी चष्मा पुसला. मग गाडी सुरू केली, आणि तोंड नळदुर्गकडंच ठेवलं.

शेडवर पोचले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं पाणी इतकं तापलं होतं की बादलीत काढल्यावर त्यात थोडं गार मिसळावं लागलं. शिवप्रियानं थर्मामीटर बुडवला आणि हसली. एन्झाइमला हवं तेवढंच गरम. चूल पेटवायची गरजच नव्हती. तिनं बाटली ओतली, अन्वरीनं लडी सोडली, आणि सगळे बादलीभोवती स्टुलं घेऊन बसले.

“आता?” रिजवाननं विचारलं.

“आता थांबायचं.”

“उकळायचं न्हाय?”

“नाही.”

“ढवळायचं?”

“मधूनमधून.”

“मग आमी काय करायचं?” अन्वरीला हात रिकामे ठेवून बसायची सवयच नव्हती. ती उठून बिर्याणी बघायला गेली.

एन्झाइम ज्या वेळी दर वेळी मरायचं ती वेळ आली. शिवप्रियानं लडी वर उचलली, कडेचे दोन धागे कापले आणि काचेवर ठेवून त्यावर तपासणीचा रंग टाकला. डिंक उरला असेल तर धागा लाल होतो, नसेल तर पिवळा. एक धागा पिवळा, दुसरा लालसर. नेहमीसारखंच. तिनं लडी परत सोडली. पुढच्या वेळी लडीच्या मधले धागे घेतले. पिवळे. तिला वाटलं, चुकून चांगलीच जागा हाती लागली. मग गाठीजवळचा धागा घेतला, जिथं डिंक सगळ्यांत घट्ट असतो.

पिवळा.

“सर,” ती हळूच म्हणाली. “ते मेलेलं नाही.”

“काय?”

“अजून काम करतंय. बघा ना!”

सर गुडघ्यांवर बसले. त्यांनी स्वतः धागा कापला, स्वतः रंग टाकला, काच डोळ्यांजवळ नेली. पुन्हा दुसरा धागा. पुन्हा तिसरा. अन्वरी पळी हातात घेऊनच धावत आली. शिवप्रियानं लडी स्वच्छ पाण्यात खळबळून पिळली आणि तिच्या हातात दिली. अन्वरीनं ती मुठीत दाबली. ओल्या लडीतून बारीक कुरकुर आली, चांगल्या रेशमातून येते तशी.

“या अल्ला,” अन्वरी म्हणाली. तिनं लडी उन्हात धरली. “रिजवान, बघा तरी कशी झळकतीया! साबणातनं काढलेल्या लडीला कवा अशी चमक आली होती?”

रिजवान चुलीकडं बघत होता. चूल गार होती. त्यानं हंड्यालाही हात लावून पाहिला, जणू कुणी गुपचूप पेटवली असेल असा संशय होता त्याला.

सर मात्र उभे राहून येरझाऱ्या घालत होते. “का? का पण? तेच एन्झाइम, तीच बाटली. बदललं काय? फक्त पाणी.”

शिवप्रियाच्या डोक्यात एकदम लखकन काहीतरी झालं. “सर, हे एन्झाइम प्रथिनं कापतं. आणि ते स्वतःही प्रथिनच आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाटलीत ते एकमेकांनाच कापत बसलं होतं! म्हणून जास्त घातलं की जास्त लवकर मरायचं. याच्या जातीच्या एन्झाइमांना कॅल्शियम मिळालं की ती घट्ट होतात, सहजासहजी कापली जात नाहीत. हे पुस्तकात आहे सर, मी वर्गात शिकवलंय! आणि आपण क्षाराचा कण नको म्हणून सगळं कॅल्शियम काढून टाकत होतो.”

सर थांबले. “आणि या बोअरच्या पाण्यात…”

“कॅल्शियमच कॅल्शियम आहे. म्हणून तर साबणाला फेस येत नाही!”

“अंदाज आहे हा,” सर म्हणाले आणि पुन्हा येरझाऱ्या घालायला लागले. “सिद्ध व्हायला पाहिजे. बिनक्षाराचं पाणी पाहिजे, तुलनेला. आत्ता पाहिजे.”

“डिस्टिल्ड तर सगळं सांडलं.”

“डिस्टिल्ड म्हणजे बॅटरीत घालतात तेच का?” रिजवाननं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता तो मोटारसायकलवर बसून हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजकडं सुटला.

तो बॅटरीच्या पाण्याचे कॅन घेऊन येईपर्यंत कुणीही जेवायला बसलं नाही. बिर्याणीचा वास अख्ख्या शेडमध्ये भरला होता, पण अन्वरीनंच सांगितलं, “आधी हे, मग ते.” तीन बादल्या मांडल्या. एकीत बोअरचं पाणी. दुसरीत बॅटरीचं. तिसरीतही बॅटरीचंच, पण तिसरीत शिवप्रियाला थोडं कॅल्शियम घालायचं होतं आणि ते कुठून आणायचं हे कुणाला सुचेना. सर शेडभर बघत फिरले. मग त्यांची नजर रिजवानच्या शर्टाच्या खिशाकडं गेली. तिथून चुन्याची डबी डोकावत होती.

“पान खाता?”

“खातो की,” रिजवान ओशाळून म्हणाला. “सोडायचं म्हणतोय पण…”

“आज सोडू नका,” सर म्हणाले.

चुना पेल्यात कालवला, तळाशी बसू दिला, आणि वरच्या निवळीचे मोजके थेंब शिवप्रियानं तिसऱ्या बादलीत सोडले. पीएचच्या कागदी पट्टीनं पाणी फार अल्कधर्मी झालं नाही ना हेही पाहून घेतलं. मग तिन्ही बादल्यांत सारखं एन्झाइम, सारख्या लडी, सारखं ऊन. या वेळी रिजवाननं ढवळायचं का असं विचारलं नाही. तो आपणहून तिन्ही बादल्या आळीपाळीनं ढवळत बसला.

काचेवर रंगाचे थेंब पडले तेव्हा चौघांची डोकी एकमेकांना लागली.

बोअरचं पाणी पिवळं. बॅटरीचं पाणी लाल. चुन्याच्या निवळीचं… तिथं रंग क्षणभर रेंगाळला, आणि मग धागा हळदीसारखा पिवळा झाला.

सरांनी रिजवानला मिठी मारली. या माणसानं उभ्या आयुष्यात विद्यार्थ्याच्या पाठीवर साधी थाप मारलेली शिवप्रियानं पाहिली नव्हती. ती स्वतः अन्वरीचे दोन्ही हात धरून गरागरा फिरत होती, आणि अन्वरी ओरडत होती, “सोड ग पोरी, पडशील बादलीत!” मॅडमची पोर कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मग सगळे बिर्याणीवर तुटून पडले. सर शाकाहारी होते, म्हणून त्यांच्यासाठी अन्वरीनं वेगळा भात आणि भरली वांगी केली होती, आणि त्यांनी मागून घेऊन घेऊन खाल्ली.

“म्हंजे,” अन्वरी जेवता जेवता म्हणाली, “ज्या पाण्याला आमी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच पाण्यात हे औषध चालतंय?”

“तिथंच चांगलं चालतंय भाभी. मऊ पाणी असतं तर चुना घालावा लागला असता.”

“अन् सांडपाणी? लिंबं जळतील का?”

“ते मी तपासणार आहे, आजचंच घेऊन जाते. पण सोडा नाही, साबण नाही. त्यात फक्त तुमच्या रेशमाचा डिंक आहे, पचलेला. मला तर वाटतं त्याचंही काहीतरी होईल.”

“अगोदर लडीचं बघ,” अन्वरी म्हणाली. “आसपास सूत काढणारे जेवढे हाईत ना, समद्यांचं पाणी असलंच. म्या फोन लावणार एकेकाला.”

*

परतताना सर गाडी चालवत होते आणि बोलतही होते, आणि दोन्ही एकाच वेळी करायची त्यांना सवय नव्हती. यीस्ट वाढवायचा फरमेंटर मोठा लागेल. यीस्ट गुळाच्या पाण्यावर वाढवून पाहिलं पाहिजे. एन्झाइमची पावडर करता आली तर बर्फाची पेटी नको. लडी विणकराकडं पाठवून रंगवून बघायला हवी, ताण सोसते का ते मोजायला हवं. शिवप्रिया प्रत्येक वाक्याला आणखी एक वाक्य जोडत होती. सूर्य पाठीमागं मावळत होता, समोरून ट्रकांचे दिवे यायला लागले होते.

“सर,” ती एकदम म्हणाली. “दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये का दिसायला लागल्यात?”

उमरगा कधीच मागं गेलं होतं. तलमोडचा टोलनाका समोर दिव्यांनी झगमगत होता, त्यापुढं कर्नाटक. सरांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागले. त्यांना असं हसताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अन्वरीभाभी. तिनं स्पीकर चालू केला.

“अग पोरी, रागावू नगस. तुमी गेल्यावर त्या बोअरच्या बादलीतलं पाणी फेकायला जीव हुईना. म्हणलं बघू तर. आणखी दोन लडी सोडल्या म्या त्यात.”

“वापरलेल्या पाण्यात?” सर फोनवर जवळजवळ चढलेच. “मग?”

“मग काय, सर! त्या बी मऊ झाल्या! त्या पिवळ्या-लाल रंगाची तुमची बाटली इथंच ऱ्हायलीया, तो बी टाकून बघितला. पिवळा! आता तिसऱ्यांदा टाकू का?”

शिवप्रियानं सरांकडं पाहिलं. तेच एन्झाइम, इतक्या वेळानंतर, अजून जिवंत होतं. एकदा वापरून संपत नव्हतं. म्हणजे केवढं तरी थोडं पुरणार होतं!

“टाका!” दोघं एकदमच ओरडले. टोलनाक्यावरचा माणूस खिडकीतून वाकून बघायला लागला.

“पण भाभी, थांबा, त्याआधी थोडं पाणी बाजूला काढून ठेवा,” शिवप्रिया म्हणाली. “आणि रंग जपून वापरा, बाटली संपवू नका…”

“ते तू फोनवर काय सांगतीस? ये की इकडं. भात उरलाय.”

सरांनी किल्ली फिरवली. गाडी वळवून त्यांनी परत पश्चिमेचा रस्ता धरला. उमरग्याचे दिवे आले, कॉलेजकडं वळायचा रस्ता आला, आणि सरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“येणेगूरचा गतिरोधक,” शिवप्रियानं आठवण करून दिली.

“माहीत आहे,” सर म्हणाले, आणि वेग कमी न करता पुढं बोलायला लागले, “हे बघ, उद्या सकाळी पहिलं काम काय करायचं, तर…”